नॅनोकणांवर आधारित लस संसर्ग आणि कॅन्सर दोन्हींवर चालते म्हणतात, मग ती भारतात का मिळत नाही?

"मिळत नाही" हे वाचलं आणि राहवलं नाही. तुमच्या घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल, तर नॅनोकणांची लस त्याला बहुधा जन्मल्या दिवशीच टोचलेली आहे. हिपॅटायटिस-बी. विषाणूच्या फक्त वरच्या आवरणाचं प्रथिन यीस्टमध्ये बनवतात, त्याचे साधारण २२ नॅनोमीटरचे कण आपोआप जुळून येतात. आत विषाणू नाहीच, पण शरीर तो आला असं धरून तयारीला लागतं. अमेरिकेत तिला १९८६ मध्ये मान्यता मिळाली. शिवाय यकृताचा कॅन्सर टाळणारी लसही हीच. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची एचपीव्हीची लस याच जातीची, आणि पुण्यात सीरमही ती बनवते.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी होतो. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, यायच्या आधीची गोष्ट, हिपॅटायटिस-बी तेव्हा सुटी यायची. एका सत्राच्या दिवशी सकाळी घाईत कुणीतरी डीप फ्रीझरमधले आइसपॅक तसेच कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेायच्या पेटीत, भरले. आइसपॅक आधी बाहेर ठेवायचे असतात, हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच भरायचे. उपकेंद्रावर सिस्टरनी झाकण उघडलं तर व्हायल, म्हणजे लशीच्या बाटल्या, आइसपॅकला चिकटलेल्या, आत बर्फ. त्यांनी एकालाही टोचलं नाही. अकरा आया पोरं घेऊन परत गेल्या.

वरिष्ठ माझ्यावरच उखडले. "गार झाली तर बिघडलं काय? व्हीव्हीएम बघा, आतला चौकोन पांढरा आहे." अहो, व्हीव्हीएम म्हणजे व्हायलवरची रंग बदलणारी खूण, ती उष्णता दाखवते, गोठणं दाखवत नाही! मी त्याच बॅचची एक व्हायल रात्रभर मुद्दाम गोठवली, सकाळी वितळू दिली आणि परत आलेल्या व्हायलसोबत हलवून टेबलावर ठेवली. शेक टेस्ट म्हणतात त्याला. दोन्हींत पांढरे कण भराभर खाली बसले, वर नितळ पाणी. शेजारी आयएलआरमधली, म्हणजे लशी ठेवायच्या खास फ्रीजमधली, चांगली व्हायल ठेवली होती, ती बराच वेळ दुधासारखी एकसारखी. लशीतले नॅनोकण ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेले असतात, लस गोठली की त्या क्षाराच्या गुठळ्या होतात आणि ताकद जाते. मी सगळ्या व्हायल बाद केल्या, रजिस्टरला कारण लिहून सही केली. "वाया गेलेल्या डोसचं उत्तर कोण देणार?" हे पुढे वर्षभर ऐकलं. माझं उत्तर आजही तेच आहे: डोस वाया गेलेला परवडतो, पोराला टोचलेलं पाणी परवडत नाही.

म्हणून नवीन लस आली की मी आधी विचारतो, ती ठेवायची कुठे? कोरोनात आलेल्या एमआरएनए लशीत, विषाणूचं प्रथिन कसं बनवायचं हा शरीरासाठीचा संदेश चरबीच्या नॅनोकणात गुंडाळलेला असतो. तिची तऱ्हा उलटी, फायझरची तर उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागायची. पुण्याच्या जेनोव्हाने आपली लस सुकवून २ ते ८ अंशांत टिकेल अशी केली, २०२२ मध्ये तिला आपत्कालीन परवानगी मिळाली. खेड्यातल्या आयएलआरमध्ये मावणारी लस ती. मला हे संशोधन सगळ्यात मोलाचं वाटतं, पण त्याची बातमी कॅन्सरच्या लशीइतकी कधी गाजत नाही.

कॅन्सर झाल्यावर द्यायच्या लशीचं म्हणाल, तर मॉडर्ना आणि मर्क मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरवर प्रत्येक रुग्णाच्या गाठीनुसार वेगळी लस बनवतात, एकेकीत त्या गाठीच्या ३४ पर्यंत खुणा, ज्यांवरून शरीर ती ओळखतं. १५७ रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या इम्युनोथेरपीला (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधाला) तिची जोड दिल्यावर, सुमारे तीन वर्षांनी रोग परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४९ टक्क्यांनी कमी दिसला. चाचणी लहान होती, रोग एकच. तिच्या भरवशावर कुणाची केमो थांबवू नका, ते तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारा. मी औषधं सांभाळणारा माणूस, उपचार करणारा नव्हे. हल्लीचे आयएलआर पूर्वीपेक्षा खूप चांगले आहेत, हेही सांगायला हवं. तरी बाळाला घेऊन गेलात की सिस्टरना एकदा विचारा, व्हायल गोठली नव्हती ना. चांगल्या सिस्टरना या प्रश्नाचा राग येत नाही.