बोथट पेन्सिलीची हद्द

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात रुमानिया आधी हिटलरच्या बाजूने लढला आणि १९४४ मध्ये त्याच्यावरच उलटला. ही फितुरी म्हणायची की शहाणपण?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : माझी हयात मोजणी खात्यात गेली, त्यामुळे मला आधी नकाशा दिसतो, सैन्य नंतर.

२६ जून १९४०च्या रात्री रशियाचा परराष्ट्रमंत्री मोलोतोवने मॉस्कोतल्या रुमानियन राजदूताच्या हाती खलिता ठेवला : बेसाराबिया आणि उत्तर बुकोविना हे तुमच्या सरहद्दीवरचे मुलूख आम्हाला सोडा, उत्तर एका दिवसात द्या. सोबतच्या नकाशावर म्हणे लाल पेन्सिलीची जाड रेघ होती. दहा लाखाला एक अशा मापाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे एक किलोमीटर! आमच्याकडे नव्या पोराला साखळी धरायला देण्याआधी पेन्सिलीला टोक काढायला शिकवत. या रेघेखाली हेर्त्साचा मुलूख आला. खलित्यात त्याचं नावही नव्हतं, तरी रशियन फौजेने तो घेतला. गावाकडे याला बांध कोरणं म्हणतात.

दोन महिन्यांनी, ३० ऑगस्टला, व्हिएन्नात जर्मनी आणि इटली पंच म्हणून बसले. त्यांनी उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया, सुमारे ४३ हजार चौरस किलोमीटर, हंगेरीला दिला. नवी हद्द पाहताच रुमानियाचे परराष्ट्रमंत्री मानोइलेस्कू बेशुद्ध पडले. मला त्यात काही नाटकी वाटत नाही. शेताच्या वाटणीचा फाळणी नकाशा पाहून मटकन बसलेले शेतकरी मी पाहिलेत.

१९४१ मध्ये रुमानियाचा हुकूमशहा अंतोनेस्कूचं सैन्य जर्मनांसोबत प्रुत नदी ओलांडून गेलं ते पहिला नकाशा पुसायला. नीस्तर नदीपर्यंत, म्हणजे बेसाराबियाच्या जुन्या हद्दीपर्यंत, ते समजू शकतं. पण ते थांबले नाहीत. ओदेसा, पुढे थेट स्तालिनग्राड. आणि जून संपता संपता रुमानियाच्याच यासी शहरात हजारो ज्यूंची कत्तल झाली, ती कुठल्या हद्दीसाठी? इथे माझी सहानुभूती संपते.

ऑगस्ट १९४४ मध्ये रशियन फौजेने यासीची आघाडी फोडली. २३ तारखेला बावीस वर्षांच्या राजा मिहाईने अंतोनेस्कूला राजवाड्यात बोलावून अटक केली आणि वडिलांची टपाल तिकिटं ठेवायच्या तिजोरीच्या खोलीत कोंडलं. मग तेच सैन्य दुसरा नकाशा पुसायला पश्चिमेकडे वळलं. २५ ऑक्टोबरला उत्तर ट्रान्सिल्व्हेनियातलं कारेय शहर हाती आलं. रुमानियात तो आजही सैन्यदिन असतो.

तेव्हा फितुरी म्हणाल तर जर्मनांच्या लेखी होती. माझ्या लेखी एकाच वहिवाटदाराने दोन शेजाऱ्यांवर लावलेले हे दोन दावे. एक जिंकला, एक हरला. सप्टेंबर १९४४ मध्ये मित्रराष्ट्रांशी झालेल्या मॉस्को करारात त्यांना ट्रान्सिल्व्हेनिया 'किंवा त्याचा बराचसा भाग' कबूल केला होता. असल्या शब्दांवर मी तरी सही केली नसती, पण १९४७च्या पॅरिस तहाने उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया खरंच परत मिळाला. बेसाराबिया गेला तो गेलाच. हेर्त्सा आज युक्रेनमध्ये आहे.