सीओईपीचा ‘ॲडमिशन रेट’ किती आणि ९७-९८ पर्सेंटाइलला मिळेल का?

तुमचा प्रश्न असा दिसतोय की मुलगी लातूरला बारावीत आहे, ओबीसी आहे, सीईटीच्या मॉक टेस्टला ९७-९८ पर्सेंटाइल पडतायत, आणि तुम्हाला पुण्याच्या सीओईपीचा (कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे) ॲडमिशन रेट किती, बोर्डाला किमान किती टक्के लागतात आणि तिथली सिव्हिल बरी की दुसरीकडचं कॉम्प्युटर हे विचारायचंय. मी तिथलाच जुना मेकॅनिकलवाला, आणि दर जूनमधे अर्ध्या नातेवाइकांचे फोन मलाच येतात, त्यामुळे लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

पहिलं म्हणजे ॲडमिशन रेट हा प्रकारच इथे लागू होत नाही. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीला मुलं वेगळा अर्ज करतात, ती युनिव्हर्सिटी त्यातून निवडते, म्हणून त्यांच्याकडे शंभरात इतके घेतले असं सांगता येतं. सीओईपीला बीटेकसाठी कोणी असा वेगळा अर्ज करतच नाही हो. राज्याचा सीईटी सेल (प्रवेश परीक्षा घेणारं सरकारी खातं) एकच कॅप, म्हणजे सगळ्या कॉलेजांची मिळून एक प्रवेश प्रक्रिया राबवतो, एकच फॉर्म, त्यात तुम्ही कॉलेज आणि ब्रांच ओळीने टाकायचे आणि मेरिटप्रमाणे सीट मिळते. २०२२ पासून सीओईपी स्वतःच युनिव्हर्सिटी झालं, १८५४ पासूनचं कॉलेज, विश्वेश्वरय्या तिथे शिकले वगैरे सगळं खरं, पण पहिल्या वर्षाला कोण येणार हे अजूनही कॅपच ठरवतं. कॉलेजात मुलाखत नाही, एसओपी (मला इथे का शिकायचंय असा निबंध) नाही, स्पोर्ट्सचं सर्टिफिकेट दाखवून काही होत नाही. कोणी ‘आतून करून देतो’ म्हणाला तर सरळ फोन ठेवा. तेव्हा कुठल्यातरी वेबसाइटवर या कॉलेजचा ॲक्सेप्टन्स रेट अमुक टक्के असं दिसलं तर ते कोणीतरी मनानेच ठोकलेलं आहे.

बोर्डाचं पटकन सांगतो. बारावीला फिजिक्स, मॅथ्स कंपल्सरी आणि तिसरा केमिस्ट्री किंवा यादीतला दुसरा एखादा विषय, तिन्ही मिळून ओपनला ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या आरक्षित प्रवर्गाला, ईडब्ल्यूएसला आणि दिव्यांगांना ४० टक्के. बस. ९७ पर्सेंटाइलवाल्या मुलीला हे पडणारच आहेत. तुमच्या ओळखीत कोणी सांगत असेल की बोर्डाचे मार्क निम्मे धरतात, तर तो माणूस २०१४-१५ मधे अडकलाय, तेव्हा राज्याने दोन वर्षं जेईई मेन आणि बोर्ड निम्मे-निम्मे असं केलं होतं. २०१६ ला सीईटी परत आली आणि तेव्हापासून सीईटीच. २०१८ पर्यंत मार्कांवर मेरिट लागायचं, २०१९ ला परीक्षा कॉम्प्युटरवर गेली तेव्हापासून पर्सेंटाइल. म्हणजे शेजारच्या दादाचे ‘१६० ला मिळालं होतं’ हे आता काही कामाचं नाही.

पेपर २०० चा, मॅथ्स ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, फिजिक्स केमिस्ट्री ५०-५० एकेक मार्काचे, निगेटिव्ह नाही. म्हणजे एकटं मॅथ्स निम्मं. अकरावीचं वेटेज साधारण २० टक्के. निगेटिव्ह नाही म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही, शेवटची दोन मिनिटं राहिली की उरलेले सगळे टिक करून टाकायचे, हे मुलीला आत्ताच सांगून ठेवा कारण जेईईची तयारी केलेली मुलं सवयीने सोडून येतात.

आता मुख्य मुद्दा, आणि इथेच बहुतेक पालक फसतात. पर्सेंटाइल म्हणजे नंबर नाही. ९७.८ म्हणजे तुमच्या पुढे २.२ टक्के मुलं आहेत, पण ते कशाचे टक्के? २०२४ ला पीसीएम ग्रुपला सुमारे २ लाख ९५ हजार मुलं बसली होती, २०२५ ला सुमारे ४ लाख २२ हजार. करा गुणाकार. २०२४ मधे ९७.८ म्हणजे तुमच्या पुढे साडेसहा हजार मुलं, २०२५ मधे तेच ९७.८ म्हणजे पुढे नऊ हजार तीनशे. सीटा काय त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, निदान सीओईपीत तरी नाही. उलटं करून बघा, २०२४ ला ज्याचा नंबर साडेसहा हजारच्या आसपास होता तो ९७.८ ला होता, २०२५ ला त्याच नंबरला बसायचं तर ९८.४ च्या वर लागत होतं. तरी लोक २०२४ ची कटऑफ प्रिंट काढून घेऊन बसतात आणि ‘मागच्या वर्षी इतक्याला मिळालं होतं, यंदा का नाही’ म्हणून कॉलेजच्या गेटवर वाद घालतात. (मॉकचं पर्सेंटाइल तर त्याहून अवघड, तो क्लासच्या मुलांमधला नंबर आहे, राज्यातला नाही. क्लास मोठा असेल तर अंदाज तरी येतो, नाहीतर काहीच नाही.)

म्हणून स्टेट मेरिट नंबर बघायचा. तो कॅपचं रजिस्ट्रेशन झालं की मेरिट लिस्टमधे येतो आणि तो नुसत्या पर्सेंटाइलवरून काढलेल्या आकड्यापेक्षा थोडा बरा असतो कारण परीक्षा दिलेली सगळीच मुलं कॅपला येत नाहीत, काही आयआयटी-एनआयटीला जातात, काही प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत आधीच पैसे भरून बसलेली असतात.

कटऑफची पीडीएफ सीईटी सेलच्या साइटवर राउंडप्रमाणे असते. ती नीट वाचता आली पाहिजे, कॉलेज प्रेडिक्टर ॲपच्या नादी लागू नका. त्यात सीओईपीचं नाव शोधा. प्रत्येक ब्रांचखाली एक टेबल दिसेल, वर जीओपनएस, जीओबीसीएस, एलओपनएस, एलओबीसीएस असे कोड, आणि प्रत्येक खान्यात दोन आकडे एकावर एक. वरचा मेरिट नंबर, खालचा कंसातला पर्सेंटाइल. लोक कंसातला वाचतात, तुम्ही वरचा वाचा. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मुलींना ३० टक्के असतात ते. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एस, एच किंवा ओ. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, म्हणजे ते कॉलेज ज्या युनिव्हर्सिटीच्या भागात आहे तिथली मुलं, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्य पातळी. सीओईपीला सगळीकडे एसच दिसेल, म्हणजे लातूरची मुलगी आणि शिवाजीनगरची मुलगी एकाच रांगेत, पुण्याचे म्हणून कोणाला जास्त काही नाही. पण पुण्यातल्या पीआयसीटीसारख्या कॉलेजचं टेबल उघडलंत तर तिथे एच आणि ओ दोन्ही असतील, तुमची युनिव्हर्सिटी नांदेडची, म्हणून तुम्ही ओ चा रकाना बघायचा, एच चा नाही. एच बघून आशा लावून बसलेले लोक मी पाहिलेत.

तुमच्या मुलीसाठी एकच रकाना नाही हेही लक्षात घ्या. ती ओबीसी आहे म्हणून फक्त ओबीसीत धरतात असं नाही, मेरिटमधे बसली तर ओपनच्या सीटवरही मिळते, मग जनरल ओबीसी, लेडीज ओबीसी. त्यातला जो सगळ्यात खाली असेल, म्हणजे ज्याचा मेरिट नंबर सगळ्यात मोठा, तो तुमचा खरा कटऑफ. आणि तो आकडा म्हणजे ‘लागणारे मार्क’ नाहीत, त्या वर्षी त्या राउंडला शेवटी आत गेलेल्या मुलाचा नंबर आहे एवढंच. कोणी ठरवून ठेवलेला नसतो, पुढच्या वर्षी हलतो.

आता मिळेल का. गेल्या काही वर्षांचा साधारण अंदाज सांगतो, ओपनच्या पहिल्या राउंडचा. कॉम्प्युटर ९९.८ च्या आसपास किंवा वर, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) ९९ च्या पुढे, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल ९८ च्या पुढे, सिव्हिल आणि मेटलर्जी ९५ ते ९८ च्या मधे कुठेतरी. कॉम्प्युटरला ओपन आणि ओबीसीत फार फरक नसतो, दशांशातच खेळ असतो, त्यामुळे ९७.८ ला ते डोक्यातून काढा. खालच्या ब्रांचेसमधे मात्र प्रवर्गाचा थोडा फायदा होतो. माझ्या मते तिला सिव्हिल, मेटलर्जी किंवा मॅन्युफॅक्चरिंग यातलं काहीतरी मिळण्याच्या हद्दीत आहे, मेकॅनिकल नशिबावर. आणि ९८.५ पर्यंत गेली तर चित्र बऱ्यापैकी बदलतं, कारण या पट्ट्यात अर्धा पर्सेंटाइल म्हणजे दोन हजार मुलं.

पर्सेंटाइल असून सीट घालवणारे लोक असतात ते कागदांमुळे, आणि ओबीसीला तीन कागद महत्त्वाचे: जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन क्रीमीलेयर. पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत टाका, मेमधे टाकून जुलैत मिळेल या भरवशावर राहू नका. नॉन क्रीमीलेयर पुढच्या ३१ मार्चपर्यंत व्हॅलिड पाहिजे, उदाहरणार्थ २०२५-२६ च्या ॲडमिशनला ३१ मार्च २०२६ पर्यंत. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचं जुनं सर्टिफिकेट त्याच वर्षीच्या मार्चमधेच संपलं होतं, घरच्यांना वाटलं दाखला आहे ना फाइलमधे, आणि कागद तपासायला गेल्यावर काउंटरवरच्या बाईंनी तारखेवर बोट ठेवलं. मग सेतू, तहसील, पुन्हा सेतू, आठवडाभर बाप-लेक दोघं घामाघूम. दुसरी गोष्ट, जेईईसाठी काढलेलं केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसीचं सर्टिफिकेट कॅपला चालत नाही, राज्याचं वेगळं लागतं, दोन्ही काढून ठेवा. कधी कधी अर्जाच्या पावतीवर मुदत देतात, पण त्या भरवशावर राहिलात आणि कागद वेळेत आला नाही तर मुलगी ओपनमधे जाते.

डोमिसाइल पण काढा. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि जन्म किंवा अधिवास इथला असेल तर टाइप ए मधे येता, सगळ्यात सोपं. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी मुलांसाठी सीमाभागाचा वेगळा टाइप आहे, तुम्हाला लागू नाही पण कोणी वाचत असेल तर असू द्या.

ऑप्शन फॉर्मबद्दल एकच सांगतो पण ते नीट ऐका. आवडीच्या क्रमाने भरा, ‘मिळेल का’ या क्रमाने नाही. वर अवघड कॉलेज टाकल्याने खालचं हातचं जात नाही, सिस्टिम वरून खाली बघत येते. पण २०२५ पासून पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन मिळाला तर तो आपोआप फ्रीझ होतो, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनातला, तिसऱ्याला पहिल्या सहातला. म्हणजे पहिल्या क्रमांकावर ‘बघू काय होतंय’ म्हणून काहीही टाकायचं नाही. ते मिळालं तर पुढच्या राउंडचा दरवाजा बंद. यंदाचं माहितीपत्रक आलं की हा भाग आधी वाचा, राउंडचे नियम ते दरवर्षी थोडे फिरवतात. पहिल्या राउंडनंतर आयआयटीकडे जाणारी मुलं सीट सोडतात त्यामुळे नंतर काही ब्रांचेस थोड्या खाली येतात, कॉम्प्युटर जवळजवळ हलत नाही.

फीचं तुम्ही विचारलं नाहीत पण मुलगी आहे म्हणून सांगतो. ८ जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, सीट मात्र कॅपमधून घेतलेली पाहिजे. मॅनेजमेंट कोटा, डीम्ड, खासगी युनिव्हर्सिटी यात नाही. त्यामुळे तुम्हाला टीएफडब्ल्यूएसच्या (ट्यूशन फी माफ असलेल्या वेगळ्या सीटा) मागे धावायची फार गरज नाही, त्याचा कटऑफ बऱ्याचदा ओपनपेक्षाही वर असतो, फी माफीसाठी सगळेच तिथे उड्या मारतात. होस्टेल, मेस, पुण्यातलं राहणं याला माफी नाही, तो खर्च धरून चाला.

आता सिव्हिल की दुसरीकडचं कॉम्प्युटर. माझं मत विचाराल तर आधी मुलीला विचारा, सगळे काका-मामा बोलतात आणि तीच गप्प असते. तिला कोडिंगच करायचंय हे पक्कं असेल तर सीओईपीच्या नावासाठी मेटलर्जीत चार वर्षं काढू नये, बऱ्या ऑटोनॉमस कॉलेजचं कॉम्प्युटर घ्यावं, तेही आता मुलींना फी माफीत येतं म्हटल्यावर पैशाचा प्रश्नही तेवढा राहत नाही. पण अजून काही ठरलं नसेल, गणित-फिजिक्स आवडतं, गेटची परीक्षा, सरकारी कंपन्या, एमपीएससी, बाहेर एमएस अशा वाटा डोक्यात असतील तर सीओईपीची सिव्हिल किंवा मेटलर्जी मी डोळे मिटून घेईन, आणि तिथला क्लब-लायब्ररी-सीनियर्सचा जो माहोल आहे तो दुसरीकडे विकत मिळत नाही. पहिल्या वर्षानंतर ब्रांच बदलून घेऊ या हिशोबाने मात्र जाऊ नका, सीटा मोजक्या आणि त्यासाठी वर्षभर टॉपला राहावं लागतं. निकाल लागला की पर्सेंटाइल आणि मेरिट नंबर दोन्ही इथेच टाका, ऑप्शनची ओळ लावून देतो.