आईच्या गुडघ्यांना झेपेल का?

प्रश्न : दिवाळीत सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूरला जातोय. आई ६८ वर्षांची. रोज शिवाजी पार्कला फेरी मारते, पण गुडघे कुरकुरतात. तिथलं राव जोधा वाळवंटी उद्यान तिला झेपेल?
– एक वाचक, दादर

उत्तर : झेपेल, पण टेकायला शिवाजी पार्कचा कट्टा नाही हो तिथे! मेहरानगडाच्या पायथ्याशी जवळपास ७० हेक्टरांवर ज्वालामुखीचा खडक आहे. वाळूच्या टेकड्या शोधू नका. आखलेल्या वाटा छोट्या, पण पायाखाली उंचसखल दगड. सिंघोरिया पोळ या जुन्या वेशीतल्या केंद्रात आधी गुडघ्यांचं सांगा आणि सर्वांत सपाट वाट मागा. काठी हवीच, चपला नकोत.

मला स्वतःला भुरळ पडली ती झाडांची. २००६ पासून इथली वेडी बाभूळ, म्हणजे बाहेरून आणलेलं आणि सगळीकडे फोफावलेलं काटेरी झाड, काढली. मुळं खडकात इतकी घट्ट की खाणीतल्या दगडफोड्यांनी छिन्नी-हातोड्याने खड्डे खणले, तेव्हा ती निघाली. मग त्याच खड्ड्यांत मूळची वाळवंटी झाडं लावली. केर-सांगरी या राजस्थानी भाजीतलं केर नावाचं फळ झुडपावर बघा. निवडुंगासारख्या दिसणाऱ्या काटेरी थोराला मात्र हात लावू नका, चीक डोळ्यांत गेला तर भयंकर झोंबतो. ऊन चढायच्या आत परत फिरा.