रक्त जास्त, तरी अंगात त्राण नाही

‘रिपोर्ट चांगले आलेत, असे डॉक्टर म्हणतात. मग मला एवढा थकवा कशाने येतो? सगळे माझ्या मनाचेच आहे का?’ रक्ताचा दीर्घकालीन आजार असलेली माणसे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात निघतोच. थॅलेसेमियाच्या सौम्य प्रकारात तो ऐकू येतो, प्लेटलेट कमी होण्याच्या आजारातही ऐकू येतो. परंतु ज्या आजारात रक्त कमी नसून प्रमाणाबाहेर वाढलेले असते, त्यात तो सर्वांत अवघड होऊन बसतो. थकवा आला म्हणजे अंगात रक्त नाही, ही समजूत आपल्या घराघरांत इतकी पक्की आहे की, तिच्यात न बसणारा रुग्ण आळशी तरी ठरतो, नाही तर ढोंगी.

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका ताईंची हकीकत त्यांच्या संमतीने, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे देत आहे. त्यांचे वय ४६. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये त्या चेकिंगचे काम करीत. म्हणजे तयार शर्टाचे सुटे धागे छोट्या कात्रीने कापायचे, काज-बटणे तपासायची, घडी घालून गठ्ठा बांधायचा, आणि हे सारे उभ्याने. मजुरी पीसवर. पती यंत्रमागावर, मुलगी बारावीत, आणि घरात सासूबाई, ज्यांनी उभे आयुष्य विड्या वळून संसार ओढला होता.

सततची डोकेदुखी आणि बोटांची आग या तक्रारींवरून केलेल्या तपासण्यांत त्यांना पॉलिसायथेमिया व्हेरा असल्याचे निदान झाले होते. या आजारात अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतला रक्त तयार करणारा भाग, तांबड्या पेशी गरजेपेक्षा जास्त बनवत राहतो. शंभरातल्या सुमारे ९५ रुग्णांत यामागे ‘जॅक-२’ नावाच्या जनुकातला एक बदल असतो, जो संशोधकांनी २००५ मध्ये शोधून काढला. हा बदल जन्मतः आलेला नसून आयुष्यात पुढे कधी तरी मज्जेतल्या पेशीत घडतो. हे मी मुद्दाम सांगते, कारण मुलीला हा आजार जाईल आणि तिचे लग्न अडेल, ही धास्ती ताईंनी फार दिवस मनात ठेवली होती. उपचार म्हणून त्यांना रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन होती, आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा, ४५ टक्क्यांच्या खाली राहावा यासाठी ठरावीक काळाने त्यांचे रक्त काढले जाई.

वैद्यकशास्त्र या आजाराची गणना संथ गतीच्या रक्तकर्करोगांत करते. हे ताईंना आणि त्यांच्या पतीला ठाऊक होते. सासूबाईंना मात्र ‘रक्त घट्ट झाले आहे’ एवढेच सांगण्यात आले होते. त्यात या आजाराने चेहऱ्यावर लाली येते, त्यामुळे शेजारच्या बायका ‘किती टवटवीत दिसता ओ’ म्हणत, आणि आजारी माणसाला सहसा मिळते ती सवलत ताईंना कधी मिळालीच नाही.

पहिल्या भेटीत त्यांनी मला सांगितले ते असे : ‘झोपून उठले तरी दमलेलीच असते. वाटतं, कुणीतरी अंगातलं सगळं काढून घेतलंय. आणि लोक म्हणतात, हिला रक्त जास्त झालंय, हिला काय होतंय?’

थकवा हे या आजाराचे रुग्णांकडून सर्वाधिक सांगितले जाणारे लक्षण आहे, आणि ते हिमोग्लोबिनच्या आकड्यावरून ओळखता येत नाही. आजारी पेशींमुळे शरीरात दाह निर्माण करणारी रसायने वाढलेली असतात; तापात जसे अंग मोडून येते, तसे काहीसे ती कायम घडवत राहतात. दुसरे कारण लोहाचे. एका वेळी साडेतीनशे ते साडेचारशे मिलिलिटर रक्त काढले की त्याबरोबर शरीरातले दीड-दोनशे मिलिग्रॅम लोह जाते, आणि हे वारंवार झाले की साठा रिता होतो. नव्या तांबड्या पेशी कमी बनाव्यात यासाठी हा तुटवडा एका परीने उपचारातच धरलेला असतो. पण स्नायूंना आणि मेंदूलाही लोह लागते, त्यामुळे हिमोग्लोबिन १४ असलेली बाईसुद्धा जिना चढताना मटकन खाली बसू शकते. रिपोर्ट आणि थकवा यांचा मेळ बसत नाही तो येथे.

आता येथेच एक धोका असतो, आणि तो या घरात घडत होता. ताईंच्या पतीने काळजीपोटी औषधाच्या दुकानातून रक्तवाढीचे टॉनिक आणले होते आणि ते रोज रात्री स्वतः चमच्याने देत होते. या आजारात तज्ज्ञांना न विचारता लोहाच्या गोळ्या किंवा टॉनिक घेतल्यास पेशी पुन्हा झपाट्याने वाढू शकतात, आणि रक्ताची गुठळी होणे हाच या आजारातला मोठा धोका आहे. रोजच्या जेवणातल्या शेंगाचटणीने, पालेभाजीने किंवा गुळाच्या खड्याने काही बिघडत नाही. प्रश्न बाटलीतल्या लोहाचा आहे. मी त्यांना बाटली घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटायला सांगितले. टॉनिक बंद झाले, आणि त्या गृहस्थांना आपण काही वाईट केले असे वाटू नये म्हणून रक्त काढण्याच्या दिवशी बरोबर जाण्याचे काम त्यांच्याकडे दिले.

मन खचले आहे की शरीर, हे पाहणे समुपदेशकाचे काम आहे आणि ते टाळता येत नाही. नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची जी प्रश्नावली आम्ही वापरतो, तिच्यात झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता यांचे प्रश्न आहेत; रक्ताच्या आजारात या गोष्टी आजारानेही बिघडतात, म्हणून केवळ एकूण गुणांवर मी विसंबत नाही. मी पहिल्या दोन प्रश्नांकडे अधिक बारकाईने बघते : कशात रस वाटत नाही का, आणि मन उदास असते का. ताईंना मी विचारले, ‘एक दिवस अंगात ताकद आली, तर काय कराल?’ क्षणाचाही विलंब न लावता त्या म्हणाल्या, ‘गड्ड्याला जाईन. अक्षता बघितल्या नाहीत दोन वर्षांत.’ गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वरांची यात्रा; तिच्यातला संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा त्यांना बघायचा होता. ओढ शाबूत होती, साथ शरीराची नव्हती. एवढ्या उत्तरावरून निदान होत नाही, पण उरलेल्या संभाषणातूनही तेच दिसले. पुढे काही महिन्यांनी नैराश्य येणारच नाही, याची हमी अर्थातच यातून मिळत नाही, म्हणून हे प्रश्न मी अधूनमधून पुन्हा विचारीत राहिले.

मग वहीचे काम सुरू झाले. मुलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर त्यांनी रोज सकाळी, दुपारी आणि रात्री थकव्याला ० ते १० मधला एक आकडा द्यायचा आणि समोर त्या वेळचे काम लिहायचे. दोन-तीन आठवड्यांतच त्या पानांवर असे काही दिसू लागले, जे त्यांनाही ठाऊक नव्हते. सकाळी अकरापर्यंत आकडा ४ असे आणि दुपारी तीननंतर ८ वर जाई. सर्वांत वाईट दिवस दोन : रक्त काढल्याचा दुसरा दिवस, आणि नळाला पाणी आल्याचा दुसरा दिवस. आपल्या शहरात काही दिवसांआड पाणी येते आणि तेही बऱ्याचदा अवेळी. ताई रात्री उठून पिंप, हंडे, टाकी भरीत आणि सकाळी कामावर जात. एका पानावर लिहिले होते : ‘बरं वाटलं म्हणून चार चादरी धुतल्या.’ पुढचे दोन दिवस कोरे होते. ओली सोलापुरी चादर पिळायला धडधाकट माणसालाही जड जाते, हे सोलापूरकराला सांगायला नको.

बरे वाटलेल्या दिवशी साचलेले सगळे उरकायचे आणि मग दोन दिवस आडवे पडायचे, हे चक्र मी जवळजवळ प्रत्येक रुग्णात पाहते, आणि ते मोडणे हाच माझ्या मते थकव्याशी जुळवून घेण्याचा गाभा आहे. दमल्यावर थांबणे उपयोगाचे नसते, दमण्याच्या आधी थांबावे लागते. ताईंना हे पटायला वेळ लागला, कारण पीसवर मजुरी असणाऱ्या बाईने अंगात ताकद असताना हात थांबवणे म्हणजे पैसे सोडणे असते. त्यामुळे आम्ही जेथे पैसे जात नाहीत अशा ठिकाणांपासून सुरुवात केली : चादर आठवड्याला एक आणि पिळायला मुलगी, रक्त काढण्याची तारीख शनिवारी, भाजी निवडणे बसून. युनिटच्या मालकांनी स्टूल ठेवायला परवानगी दिली. त्यांचे रोजचे पीस थोडे कमी झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दर आठवड्याचा बुडणारा एक दिवस बुडेनासा झाला.

संपूर्ण विश्रांती हाही उपाय नव्हे. पडून राहण्याने स्नायू आणखी दुबळे होतात आणि थकवा वाढतो. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, म्हणून सकाळी लवकर, सुरुवातीला दहाच मिनिटे, गल्लीतल्या गल्लीत चालायचे, आणि पाण्याची बाटली कामाच्या टेबलावर ठेवायची, असे ठरले. अंगातले पाणी कमी झाले की या आजारात रक्त आणखी दाट होते.

पुण्याच्या तज्ज्ञांकडे त्या हुतात्मा एक्सप्रेसने पहाटे निघून जात, आणि इतक्या धावपळीने गाठलेल्या डॉक्टरांनी ‘कसे वाटते?’ विचारले की ‘बरं आहे’ म्हणून परत येत. पुढच्या वेळी त्यांनी वही नेली. त्याबरोबर या आजारासाठी वापरली जाणारी दहा लक्षणांची प्रश्नावलीही भरून नेली, ज्यात थकव्याबरोबर खाज, रात्रीचा घाम, थोडे खाल्ले तरी पोट भरणे अशी लक्षणे ० ते १० मध्ये मोजतात. त्यातून खाजेची गोष्ट निघाली. रात्री गरम पाण्याने अंघोळ केल्यावर अंगभर टोचल्यासारखी खाज सुटे आणि झोप मोडे; हे आजाराचेच लक्षण आहे, हे त्यांना माहीत नसल्याने त्यांनी ते कधी सांगितलेच नव्हते. डॉक्टरांनी त्यावर औषध दिले, कोमट पाणी वापरून अंग न घासता टिपायला सांगितले, थायरॉइड तपासले, आणि रक्त वारंवार काढावे लागत असल्याचे पाहून पेशींची निर्मिती आवरणारे औषध सुरू केले. कोणते औषध केव्हा द्यावे, हा माझा प्रांत नाही. आकडा लिहून नेल्याशिवाय तो निर्णय कदाचित लांबला असता, इतकेच मी म्हणेन. एकीकडच्या हातापायांतली शक्ती अचानक जाणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे किंवा एकाच पायाला सूज येणे यांना मात्र थकवा समजून वहीत नोंदवत बसायचे नाही, तडक रुग्णालय गाठायचे, हेही त्यांच्या पतीला बसवून सांगितले.

सासूबाईंना भेटायचे ठरले तेव्हा काय सांगायचे, हे मी ताईंवर सोडले. त्यांनी कर्करोग हा शब्द घेतला नाही. रक्त काढतात ते सांगितले. सासूबाई प्रथम म्हणाल्या, ‘आम्ही दिवसाला हजार विड्या वळल्या, कधी दमलो म्हणालो नाही.’ आपल्या सुनेचे रक्त तपासणीपुरते सुईभर काढतात, अशी त्यांची समजूत होती. पिशवी भरून काढतात, हे ऐकल्यावर त्या मुलाकडे वळल्या : ‘एवढं काढतात, आणि दुसऱ्या दिवशी हिला कामावर पाठवतोस?’ तेव्हापासून रात्रीच्या पाण्याला ताईंचे पती उठतात. टोमणे पूर्ण थांबले असे नाही, पण त्यांना उत्तर देण्यात ताईंची शक्ती जाईनाशी झाली.

दुपारचा आकडा आता बहुतेक ५ असतो. यंदा त्या गड्ड्याला गेल्या, नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागे न चालता थेट अक्षतांना, आणि त्या दिवशीच्या भाकऱ्या सासूबाईंनी थापल्या. सध्या प्रश्न पुढच्या हंगामाचा आहे : जूनमध्ये शाळा उघडण्याआधी युनिटमध्ये रात्रपाळी लागते, ताईंना मुलीच्या फीसाठी ते पैसे हवे आहेत, आणि पतीचा विरोध आहे. रात्रपाळी न घेता सकाळी एक तास लवकर येऊन दुपारी दोनपर्यंत काम करू द्यावे, असे त्यांनी मालकांना विचारले आहे. मालकांनी अजून होकार दिलेला नाही.