गॅमा किरणांनी मिळालेल्या भुईमूग म्युटंटमधला (जनुक बदललेल्या झाडातला) जनुकीय फरक बघायला डीएनए तपासायच्या दोन पद्धतींपैकी आरएपीडी वापरू की एसएसआर? किती प्रायमर (त्यासाठी लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) पुरतील?

एसएसआर. आरएपीडीचे बँड (जेलवर उमटणारे डीएनएचे पट्टे) आज दिसतात, उद्या दुसऱ्या मशीनवर गायब. पण फरक दिसलाच पाहिजे हा हट्ट आधी सोडा. त्याच हट्टापायी व्हायव्हात माझी सालटी काढली होती.

माझा म्युटंट बुटका, बारीक गर्द हिरव्या पानांचा. एम-२, म्हणजे किरण दिल्यानंतरच्या दुसऱ्या पिढीत सापडला, पुढे एम-३, एम-४ मध्येही तसाच उतरला. जेलवर मात्र मूळ वाण आणि तो शेजारीशेजारी लावले की सगळे बँड एका रेषेत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थिसिस मिटवला. "पॉलिमॉर्फिझम (बँडमधला फरक) नाही, म्हणजे म्युटेशन नाही." गाईड गप्प. दुसऱ्या एकाचे जवळपास निम्मे बँड वेगळे आले होते, त्याचं तोंडभरून कौतुक!

साफ चूक आहे हे. भुईमुगाचा जीनोम सुमारे २७० कोटी बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा. आरएपीडीचा बँड येणार की नाही हे मुख्यतः प्रायमर बसतो त्या दोन्ही टोकांच्या मिळून २० बेसवर ठरतं. १०० बँड बघितले तरी २,००० बेसच तपासून झाले. गॅमा किरणांनी तुटलेली जागा नेमकी तिथेच का सापडावी? एका जनुकातला छोटा तुकडा गळाला तरी झाड बुटकं होतं आणि मार्करला (अशा तपासणीच्या खुणेला) पत्ताही लागत नाही. उलट निम्मे बँड वेगळे आले की पहिला संशय बियाण्याच्या भेसळीचा घ्यायचा, नाहीतर मधमाशीने केलेल्या संकराचा. भुईमूग स्वपरागी असला तरी थोडाफार संकर होतोच. माझा म्युटंट त्याच वाणातून आला, भेसळीतून नाही, याला ते जुळलेले बँडच पुरावा होते.

प्रायमरचं म्हणाल तर गुणसूत्रांच्या जोड्या २०. प्रत्येकीवर दोन तरी एसएसआर येतील असे निवडा. तुलनेला मूळ वाणाचं बी किरणांसाठी दिलेल्या त्याच लॉटमधलं ठेवा, दुकानातल्या नव्या पाकिटातलं नको.

एक अपवाद मात्र आहे. भुईमुगात एएच-माइट नावाचा जागा बदलणारा डीएनएचा तुकडा असतो, आणि म्युटाजेनच्या (म्युटेशन घडवणाऱ्या किरण-रसायनांच्या) माऱ्याने तो हलू शकतो. त्यावर आधारलेले मार्कर म्युटंटमध्ये खरोखर फरक दाखवतात. जमलं तर तेही लावा.

थिसिसमध्ये "फरक आढळला नाही" एवढंच लिहून थांबू नका. "तपासलेल्या सर्व लोकसवर मूळ वाणाशी जुळतो, भेसळीची खूण नाही" असं लिहा; लोकस म्हणजे डीएनएवरची तपासलेली जागा. आणि हा २,००० विरुद्ध २७० कोटींचा हिशोब गाईडना व्हायव्हाच्या आधीच पटवून ठेवा, म्हणजे त्या दिवशी तेही तुमच्या बाजूने बोलतील.