उधारीची वही आणि खात्यावरचा हप्ता

प्रश्न : गेवराई तालुक्यातल्या एका गावात माझे किराणा दुकान आहे. लाडकी बहीण योजनेचे पैसे सुरू झाल्यापासून बायका स्वतः येऊन उधारी चुकती करताना मी पाहतो. ओट्यावर बसणारी मंडळी मात्र म्हणतात की, या फुकटच्या पैशामुळे खुरपणीला बायका मिळेनात आणि तो पैसा शेवटी दारूतच जातो. यात खरे किती? आमच्या केसरी कार्डावर धान्याऐवजी पैसे येऊ लागले, ते बरे की वाईट? शिवाय माझ्या चुलतीचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, म्हणून तिची रक्कम खात्यातच पडून आहे. काय करावे?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर : दारूचा आक्षेप जुना आहे आणि तो तपासलाही गेला आहे. जागतिक बँकेचे डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी अनेक देशांतले १९ अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे त्यांना दिसले नाही. एखाद्या घरात नवरा पैसे हिसकावून घेत असेल, हे मी नाकारत नाही. पण तो नवरा तिची मजुरीही हिसकावून घेतच होता.

मजुरीचा प्रश्न अधिक विचार करण्याजोगा आहे. महिन्याला १५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. एवढ्यावर घर चालत नाही, त्यामुळे कामच सोडून देणे कोणत्याही गरीब बाईला परवडणारे नाही. मग ओट्यावरची मंडळी निव्वळ खोटे बोलतात का? तसे मला वाटत नाही. घरात दोन दिवसांचे पीठ असेल, तर बाई कमी रोजाला ‘येत नाही’ असे म्हणू शकते, तापलेल्या लेकराजवळ थांबू शकते किंवा स्वतःच्या दीड एकरातली खुरपणी आधी उरकू शकते, आणि शेतमालकाला ते ‘बाया मिळत नाहीत’ असे दिसते. मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये असंघटित कष्टकरी महिलांच्या ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या मदतीने ८ गावांतल्या प्रत्येक प्रौढाला महिन्याला २०० आणि मुलामागे १०० रुपये विनाअट दिले होते. पुढे ही रक्कम ३०० आणि १५० झाली. तिथे लोकांनी काम सोडले नाही. अनेक कुटुंबे दुसऱ्याच्या शेतावरच्या मजुरीकडून स्वतःच्या शेतीकडे वळली, काहींनी जनावरे घेतली आणि मुलांचे वजन सुधारले.

ऊसतोडीची उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, मात्र अशा हप्त्याने सुटत नाही. एका कोयत्यामागे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीमागे, मुकादम जी रक्कम एकदम हातात ठेवतो, तिच्यापुढे १५०० रुपये किरकोळ आहेत. उचलीच्या आधीचे ओझे काहीसे हलके होऊ शकते. चैत्र-वैशाखात फडावरून परत आलेल्या जोडप्याचा पैसा ज्येष्ठ-आषाढात संपतो, बी-बियाणे आणि शाळेच्या वह्या एकदमच पुढ्यात येतात, आणि आपल्या वहीतली उधारी तेव्हाच फुगते. मग दसऱ्याच्या सुमारास ती फेडायलाच उचल घ्यावी लागते. ज्येष्ठ-आषाढाच्या दोन महिन्यांत हप्ता ठरल्या तारखेला आला, तर शेकड्याने पैसे देणाऱ्याचे दार टळते. म्हणूनच मला रकमेपेक्षा तारीख महत्त्वाची वाटते. जुलै २०२४ पासूनच्या या योजनेचे पहिले दोन हप्ते ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर एकदम आले, ऑक्टोबर-नोव्हेंबरचेही निवडणुकीआधी एकत्र मिळाले. सण त्यामुळे गोड झाले असतील, पण पुढचा हप्ता कधी, हे ठाऊक नसलेली बाई त्यावर बचत गटाचे कर्ज उचलायला धजावत नाही. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, सक्तीची झाली, नेमकी मराठवाड्यात अतिवृष्टीने घरे-शेते पाण्याखाली गेली असताना. पती किंवा वडिलांचे आधारही त्यात मागितल्याने विधवा आणि टाकलेल्या बायकांची विशेष अडचण झाली.

केसरी कार्डाचा प्रकार वेगळा आहे. तिथे असलेली गोष्ट काढून पैसे दिले गेले. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसह राज्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या केसरी कार्डावर माणशी ५ किलो धान्य, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोने मिळत असे. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये ठरले, नंतर ते १७० झाले. म्हणजे १५० च्या हिशेबाने किलोमागे ३० रुपये पडले. गव्हाचा भाव आपण रोज विकताना पाहता, तेव्हा या रकमेत किती गहू येतो ते आपणच सांगू शकाल. भाव चढला की धान्याची पिशवी तेवढीच राहते, रकमेची पिशवी लहान होते. ज्वारी घरची असलेल्या कुटुंबाला रोख पैसे सोयीचे वाटतील, हेही खरे. परंतु बाजारापासून लांब असलेल्या वस्तीवर, भाडे खर्चून गहू आणणाऱ्या म्हातारीसाठी मी धान्यच निवडीन.

आता आपल्या चुलतीबद्दल. ऊस तोडून, विळा धरून बोटांच्या रेषा झिजतात, हा तिचा दोष नाही. यंत्रावर एक बोट चालले नाही तर दुसरे लावून पाहावे. नाहीच जमले तर पासबुक घेऊन थेट बँकेच्या शाखेत पैसे काढण्याची स्लिप भरावी, तिथे यंत्राची गरज पडत नाही. सवडीने आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने नोंदवून घ्यावेत. पुढच्या एखाद्या हप्त्याची नोंद पासबुकात दिसली नाही, तर चुलतीचे आधार सर्वांत शेवटी कोणत्या बँकेला जोडले गेले ते आधी तपासावे. दोन खाती असलेल्या बाईचे पैसे बहुधा तिच्या विस्मरणातल्या दुसऱ्याच खात्यात सापडतात.