ओबामा : आडनाव की पणजोबांचे नाव?

प्रश्न : नावांच्या एका कोशात ‘ओबामा’ या नोंदीपुढे ‘केनियातील लुओ जमातीचे दुर्मीळ आडनाव’ एवढेच लिहिले आहे. या आडनावाचा उगम व अर्थ काय, आणि ते खरोखर किती प्रचलित आहे? इक्वेटोरियल गिनीत आणि जपानमध्येही ‘ओबामा’ आढळते असे वाचले. त्यांचा आपसात काही संबंध आहे का? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : कोशातील नोंद चुकीची नाही, पण तिच्यातील ‘आडनाव’ हा शब्द जरा जपून घ्यायला हवा. आपण ज्याला आडनाव म्हणतो ते घराण्याचे असते. जाधव, कुलकर्णी किंवा चिपळूणकर हे नाव आजोबांकडून नातवाकडे जसेच्या तसे येते आणि वडिलांचे नाव त्याच्या आधी, मधल्या जागी बसते. लुओंच्या जुन्या रीतीत घराण्याच्या नावाची ही शेवटची जागा नव्हतीच. माणसाला स्वतःचे नाव असे आणि ओळख पटवायची असेल तेव्हा त्यापुढे वडिलांचे नाव जोडले जाई. ‘ओतिएनो वुओद ओचिएङ’ म्हणजे ओचिएङचा मुलगा ओतिएनो. या ओतिएनोला मुलगा झाला आणि त्याचे नाव ओमोंदी ठेवले, तर तो ‘ओमोंदी वुओद ओतिएनो’ होई, आणि आजोबा ओचिएङ नावातून गळून पडत. मुलीच्या बाबतीत ‘वुओद’च्या जागी ‘न्यार’ येई. त्यामुळे आज केनियातील कागदपत्रांवर जे लुओ ‘आडनाव’ दिसते, ते आपल्या हिशेबाने मधले नाव असते. फक्त ते कुठल्या तरी एका पिढीत गोठलेले असते.

लुओ हे नाइल खोऱ्यातून दक्षिणेकडे सरकत आलेले लोक. त्यांची धोलुओ ही भाषा निलोटिक गटातील आहे. स्वाहिली किंवा किकुयू या बांटू भाषांशी तिचे नाते नाही. आजच्या दक्षिण सुदानमधील बहर अल् गझलच्या परिसरातून निघालेल्या त्यांच्या टोळ्या पंधराव्या-सोळाव्या शतकापासून व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्व काठावर वसू लागल्या. सियाया परगण्यातील ‘गोत रामोगी’ या टेकडीवर आपला मूळपुरुष रामोगी आजवांग प्रथम उतरला, असे त्यांची परंपरा सांगते. केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत लुओंची संख्या सुमारे ५० लाख ६७ हजार भरली. याखेरीज टांझानियाच्या मारा प्रांतातही त्यांची वस्ती आहे, आणि युगांडातील आचोली, लांगो, आलूर व जोपाधोला हे त्यांचे भाषाबंधू आहेत.

या लोकांची नावे म्हणजे जन्मवेळेची टाचणेच असतात. पुरुषाच्या नावाला बहुधा ‘ओ’ आणि स्त्रीच्या नावाला ‘आ’ हा आद्याक्षर लागतो. रात्री जन्मलेला ओतिएनो, तर मुलगी आतिएनो. संध्याकाळी ओधियाम्बो आणि आधियाम्बो. ऊन चढताना, म्हणजे न्याहारीच्या सुमारास, ओन्यांगो आणि आन्यांगो. भर उन्हात ओचिएङ आणि आचिएङ. पाऊस पडत असताना ओकोथ आणि आकोथ. जुळ्यांतला आधी आलेला ओपियो, नंतर आलेला ओदोंगो, आणि जुळ्यांच्या पाठीवर जन्मलेला ओकेलो. दुष्काळात जन्मलेल्याला ओकेच म्हणतात आणि पालथ्या तोंडाने जगात आलेल्याला ओउमा. ज्या घरात आधीची मुले जगली नाहीत, तिथे पुढच्या मुलाला ओवीती, म्हणजे ‘टाकून दिलेला’, हे नाव मिळते. ‘वितो’ या क्रियापदाचा अर्थ टाकून देणे असा आहे. आपल्याकडे दगडू, धोंडू आणि केरबा ही नावे नेमक्या याच भीतीतून ठेवली गेली, त्यामुळे मराठी वाचकाला याचा वेगळा खुलासा करावा लागू नये. या जन्मनावाखेरीज दिवंगत पूर्वजाचे एक नाव असते, त्याला ‘न्यिंग जुओगी’ म्हणतात. पूर्वज स्वप्नात येऊन आपले नाव मागतो, किंवा रडणारे मूल एखाद्या पूर्वजाचे नाव उच्चारताच शांत होते, अशी ही समजूत आहे.

आता ओबामा. हे नाव बहुतेक जाणकार ‘बाम’ या धातूशी जोडतात. त्याचा अर्थ वाकणे, कलणे, तिरपे असणे असा आहे. म्हणजे हेही मुळात कुणा एका व्यक्तीचे वर्णनात्मक नाव आहे. त्यात गाव नाही, धंदा नाही, कूळ नाही. अमेरिकेचे चव्वेचाळिसावे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात आजीच्या तोंडून ऐकलेली वंशावळ दिली आहे. तिच्यात ओपियोचा मुलगा ओबामा, ओबामाचा मुलगा ओन्यांगो आणि ओन्यांगोचा मुलगा बराक, असा क्रम आहे. राष्ट्राध्यक्ष हे या बराकचे पुत्र. जुनी रीत अखंड चालू राहिली असती तर वडील ‘बराक ओन्यांगो’ झाले असते आणि मुलगा ‘बराक बराक’. ओबामा हे नाव आजोबांबरोबरच संपले असते. तसे झाले नाही, कारण आजोबांचा काळ वेगळा होता. ओन्यांगो इस्लाममध्ये गेले, ‘हुसेन’ झाले, ब्रिटिशांच्या नोकरीत राहिले आणि त्यांच्या नावामागे वडिलांचे ‘ओबामा’ हे नाव कायमचे बसले. पुढच्या पिढ्यांनी तेच उचलले. ‘बराक’ आणि ‘हुसेन’ ही नावे अरबीतून आलेली आहेत. राष्ट्राध्यक्षांच्या पूर्ण नावात अस्सल लुओ असा शब्द एकच, तो शेवटचा, आणि तोही पणजोबांचे पाळण्यातले नाव.

ही गोठण्याची क्रिया एका घरापुरती नव्हती. बाप्तिस्म्याच्या वह्या, मिशनच्या शाळांचे हजेरीपट आणि सरकारी नोकरीची कागदपत्रे या सर्वांना एक स्थिर ‘शेवटचे नाव’ हवे होते. त्यात ‘किपांडे’ची भर पडली. १९१५ च्या नोंदणी कायद्याने सोळा वर्षांवरील आफ्रिकी पुरुषाला बोटांच्या ठशांसह ओळखपत्र बाळगण्याची सक्ती झाली, आणि १९२० च्या सुमारास ती प्रत्यक्ष अमलात आली. हा कागद धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवावा लागे. अशा डबीतील नाव दर पिढीला बदलणे कुणालाच परवडणारे नव्हते. आपल्याकडे इनामाच्या सनदा आणि पुढे इंग्रजी दप्तरे यांनी अनेक घराण्यांची नावे पक्की केली. लुओंच्या बाबतीत तेच काम फार थोड्या वर्षांत आणि बऱ्याच अंशी जबरदस्तीने झाले.

यावरून दुर्मीळपणाचाही उलगडा होतो. ओतिएनो, ओचिएङ, ओधियाम्बो ही ‘आडनावे’ सर्वत्र दिसतात, कारण रात्र, दुपार आणि संध्याकाळ रोजच होते आणि प्रत्येक गावात अशी नावे वडिलांना असतातच. दोन ओतिएनो भेटले तर त्यांचे काही नाते असेल असे कुणी मानत नाही. ओबामासारखे नाव मात्र क्वचित ठेवले जाते. त्यामुळे ते ज्यांच्या मागे लागते ती मंडळी बहुधा एकाच पुरुषाची नातवंडे-पतवंडे निघतात. या घराण्याची दोन ठिकाणे प्रसिद्ध आहेत : सियाया परगण्यातील न्याङोमा कोगेलो आणि सरोवराच्या आखाताच्या दक्षिणेला केंडू बे जवळचे कान्याधियाङ. केनियाच्या जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत जमातींची संख्या असते, आडनावांची नसते. म्हणून महाजालावर कुणी या आडनावाचा नेमका आकडा सांगितला तर तो मतदारयाद्या किंवा दूरध्वनी-सूचींवरून बांधलेला अंदाज समजावा. शिवाय २००८ नंतर अशा मोजणीचा पायाच हलला आहे. ओबामा निवडून आल्यावर केनियाने ६ नोव्हेंबर २००८ रोजी सार्वजनिक सुट्टी दिली, आणि त्या आठवड्यात किसुमूच्या रुग्णालयात जन्मलेल्या अनेक बाळांची नावे बराक, मिशेल आणि ओबामा अशी ठेवली गेली. लुओ रीतीला हे धरूनच आहे. जन्माच्या वेळी काय घडत होते हे तिथे नाव सांगते. ही मुले आता वयात येत आहेत, आणि त्यांच्या मुलांच्या नावामागे ‘ओबामा’ लागले तर ते आडनाव वाढलेले दिसेल, पण त्या घराण्याशी त्यांचा रक्तसंबंध नसेल.

इक्वेटोरियल गिनीचा ओबामा वेगळा. रिकार्दो मांगे ओबामा न्फुबेआ हे २००६ ते २००८ या काळात त्या देशाचे पंतप्रधान होते. तेथील फांग लोकांची भाषा बांटू गटातील आहे, आणि लुओंशी तिचा काहीही संबंध नाही. जपानच्या फुकुई प्रांतातील ओबामा हे शहराचे नाव असून त्याचा अर्थ ‘लहान किनारा’ असा आहे. केवळ आरंभीच्या ‘ओ’वरून तर्क करणे आफ्रिकेतही फसवे ठरते. केनियातील गुसी आणि लुह्या या बांटू लोकांतही ‘ओ’ने सुरू होणारी नावे विपुल आहेत, आणि नायजेरियातील ओबासांजो हे योरुबा नाव तर फारच दूरचे.

प्रश्न : केनियाचे माजी पंतप्रधान रायला ओडिंगा ऑक्टोबर २०२५ मध्ये केरळमध्ये उपचार घेत असताना वारले. त्यांच्या थोरल्या भावाचे नाव बातम्यांत कुठे ‘ओबुरू ओडिंगा’ तर कुठे ‘ओबुरू ओगिंगा’ असे छापले होते. ही छपाईची चूक आहे का? (नाशिक)

उत्तर : चूक नाही. त्यांचे वडील ओगिंगा ओडिंगा हे स्वतंत्र केनियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष. त्यांचे स्वतःचे नाव ओगिंगा, आणि त्यांच्या वडिलांचे ओडिंगा. मिशनने दिलेली ‘ओबादाया अदोनाया’ ही बाप्तिस्म्याची नावे त्यांनी पुढे सोडून दिली होती. धाकट्या रायलांच्या मागे आजोबांचे नाव लागले, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीने आडनाव वारशाने आले. थोरले ओबुरू ‘ओगिंगा’ लावतात तेव्हा ते शुद्ध लुओ पद्धतीने वडिलांचे नाव लावतात. एकाच आईबापांच्या दोन मुलांची ‘आडनावे’ वेगळी असणे लुओ समाजात कुणाला खटकत नाही. वडिलांना सर्वजण ‘जारामोगी’ म्हणत, ती पदवी आहे. ‘जा’ म्हणजे अमुक ठिकाणचा किंवा अमुक वंशाचा. त्यामुळे जारामोगी म्हणजे रामोगीच्या वंशातला. रायला यांचे दफन झाले त्या स्थळाला ‘काङो का जारामोगी’ म्हणतात, आणि त्यातील ‘का’ म्हणजे अमक्याचे घर वा ठिकाण. आपल्या ‘कर’ प्रत्ययाची आठवण यावी असा हा ‘जा’ आहे, मात्र तो नावाच्या आधी लागतो आणि लग्न होऊन आलेल्या सुनेला ‘न्यार’ जोडून तिच्या माहेरच्या मुलखावरून हाक मारली जाते.

खरी मोजदाद कुळाची असते. लुओ आपल्या कुळात लग्न करत नाहीत. सोयरीक जुळवताना ओतिएनो की ओचिएङ याला महत्त्व नसते, माणूस कोणत्या कुळाचा हे पाहिले जाते. कुळाचा हा अधिकार किती मोठा असू शकतो ते १९८७ च्या एका खटल्यात दिसले. नैरोबीचे वकील एस. एम. ओतिएनो डिसेंबर १९८६ मध्ये वारले. त्यांच्या किकुयू पत्नी वाम्बुई ओतिएनो यांना पतीचे दफन नैरोबीजवळ करायचे होते, तर उमीरा कागेर या कुळाने ते सियायामधील त्यांच्या मूळ भूमीतच व्हावे असा दावा लावला. पाच महिने पार्थिव तसेच राहिले आणि शेवटी न्यायालयाने कुळाच्या बाजूने निकाल दिला. पत्नीने पतीचे नाव आडनाव म्हणून लावले होते, पण त्या नावाने तिला हा हक्क मिळवून दिला नाही.

प्रश्न : अभिनेत्री लुपिता यांचे आडनाव मराठीत न्योंगो, न्याँग’ओ, नियोंगो असे नाना तऱ्हांनी लिहिले जाते. योग्य रूप कोणते? (पणजी)

उत्तर : न्योङो. रोमन लिपीत धोलुओ लिहिताना ‘एनजी’ या जोडाक्षरानंतर वर स्वल्पविराम दिला की त्याचा उच्चार ‘ङ’ होतो, आणि तो स्वल्पविराम नसेल तर ‘ङ्ग’ होतो. त्यामुळे ‘ओन्यांगो’मध्ये ‘ग’ स्पष्ट ऐकू येतो, पण ‘न्योङो’ आणि ‘ओचिएङ’ यांत तो नाही. इंग्रजी वृत्तपत्रे हे चिन्ह सहसा गाळतात आणि तेथून मराठीत नसलेला ‘ग’ शिरतो. या उत्तरांत वर ‘आजवांग’ असे लिहिले तेही याच सवयीने, तेथे ‘आजवाङ’ हवे. ‘वाङ्मय’ या शब्दापलीकडे आपण ज्या अक्षराला जवळजवळ विसरलो आहोत, ते येथे नेमके उपयोगी पडते. लुपिता यांचे मधले नाव आमोंदी आहे. ते पहाटे जन्मलेल्या मुलीचे, ओमोंदीचे स्त्रीरूप. न्योङो हे मात्र पुरुषाचेच नाव आहे, आणि ते मुलीच्या नावामागे लागले तरी त्याचे रूप बदलत नाही, कारण ‘ओ’चा ‘आ’ होतो तो केवळ स्वतःच्या नावात.